रश्शातला कीबोर्ड

अश्विनने सकाळी आठ वाजता एका जुन्या कीबोर्डची एकशे एक बटणं नागपूरजवळच्या बेस्यातल्या घराच्या गच्चीवर वाळत घातली आणि तो हिंगण्याच्या कारखान्यात ड्यूटीवर निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा गच्चीवर अंथरलेलं धोतर होतं, धोतरावर ठेवलेले चार दगडही होते. बटण मात्र एकही नव्हतं.

ती बटणं ज्या संगणकाची होती तो तीस वर्षांपूर्वीचा होता. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात टायरांच्या ढिगाखाली तो सापडला होता आणि अश्विनने महिनाभर खपून त्याला जिवंत केलं होतं. पडदा लागत होता, फ्लॉपी खरखर करत का होईना, वाचली जात होती. फक्त प्लास्टिक पिवळं पडलं होतं. जुने संगणक दुरुस्त करणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक ग्रुप आहे. त्यांचा उपाय असा, की केसांना लावायचं ब्लीच प्लास्टिकला लावायचं आणि ऊन दाखवायचं. पोलंडचा एक सभासद ऊन नसल्यामुळे दिवे लावून हे करत असे. अश्विनने त्याला नागपूरच्या मे महिन्यातल्या तापमानाचा फोटो पाठवला, तेव्हा तो माणूस दोन दिवस बोलला नाही.

आठ दिवसांत बटणं पांढरीशुभ्र झाली. आज शेवटचं धुऊन वाळवायची होती. रविवारी ग्रुपच्या ऑनलाइन बैठकीत अश्विन हा संगणक दाखवणार होता आणि नोंदवहीत त्याच्यापुढे ‘शंभर टक्के मूळ भाग’ असा शेरा पडणार होता. असा शेरा मिळालेले संगणक भारतात फार नव्हते.

“आई, गच्चीवरची बटणं कुठी गेली?”

“कोनती बटनं? शर्टाची?” गोपिकाबाईंनी विचारलं.

“कीबोर्डची वं! धोतरावर वाळू घातली होती.”

“कांताबाईले विचार. दुपारी वावटळ आली तं तिनंच सारं वाळवन गोळा केलं.”

शेजारच्या कांताबाई आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची एक रेघ नव्हती.

“धोतरावरच्या वड्या ना? डब्यात भरल्या की. मुंगवड्यांसोबत.”

“मावशी, त्या वड्या नव्हत्या!”

“मले वाटलं ताईनं साचा आनला. एकाएकावर नक्षी होती.”

“नक्षी नाही, ते एबीसीडी होतं!”

“मंग? आता इंग्लिश मिडियमच्या वड्याबी निंघाल्या असतीन. मले काय मालूम?”

अश्विनने डबा कुठे आहे ते विचारलं. तेव्हा त्याचे वडील रुपराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “तो डबा? तो तं मी दुपारीच महालात कृष्णकांतरावाइकडे देऊन आलो.”

अश्विन खाली बसला. खुर्ची थोडी पलीकडे होती, पण तो बसला.

कृष्णकांतराव म्हणजे नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत राहणारे वैदेहीचे वडील. वैदेही अश्विनच्याच कंपनीत क्वालिटी विभागात होती. रोज शेकडो पुर्जे हातात घेऊन त्यातला एक सदोष पुर्जा बाजूला काढायचा, हे तिचं काम. दोघांनी लग्न करायचं ठरवून वर्ष झालं होतं. कृष्णकांतरावांचं अजून ठरत नव्हतं. “पोरगा भंगार गोळा करते,” एवढी एकच तक्रार होती आणि ती खोटी नसल्यामुळे तिच्यावर इलाज नव्हता. येत्या रविवारी ते आपला होकार किंवा नकार कळवणार होते. म्हणूनच गोपिकाबाईंनी हातच्या, मूगडाळ वाटून उन्हात वाळवलेल्या मुगवड्या पाठवल्या होत्या.

गोपिकाबाईंच्या मुगवड्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दोन हजार एकोणीस सालच्या वड्या खाताना रुपरावांची एक दाढ गेली होती. ती दाढ आधीपासूनच हलत होती, असं घरात म्हणायची पद्धत होती.

अश्विन चपला शोधत असतानाच वैदेहीचा फोन आला.

“अश्विन, आईने तुमच्याकडच्या वड्यांचा रस्सा केला. शिजतच नव्हत्या, म्हणून कुकरच्या पाच शिट्ट्या घेतल्या. आता बाबांच्या वाटीत ‘क्यू’ निघाला.”

“अरे देवा.”

“पुढे ऐक. त्याच्या आधी त्यांनी काहीतरी कडक गिळलंय.”

“कोणतं?” अश्विनने विचारलं.

“कोणतं म्हणजे?”

“म्हणजे अक्षर होतं का आकडा?”

पलीकडून एक जड पुरुषी आवाज आला. “म्या पायलं नाही गा. पुढच्या टायमाले वाचून गिळीन.”

फोन स्पीकरवर होता.

“पयले तब्येत विचारायची असते,” रुपराव स्कूटरची किल्ली घेत म्हणाले. “मंग अक्षर.”

महालातल्या छोट्या दवाखान्यात कृष्णकांतराव पलंगावर ताठ बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई डोळे पुसत होत्या. “वीस मिनटं झाली वं, हे काही बोलून नाही राहिले,” असं त्या गोपिकाबाईंना म्हणाल्या. कृष्णकांतराव बोलू शकत होते. त्यांना फक्त बोलायचं नव्हतं. अश्विन दारात दिसताच त्यांना बोलावंसं वाटलं.

“आला? आकडा विचाराले आला का?”

डॉक्टर दुर्गेश वयाने अश्विनएवढेच असतील. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला होता आणि त्यात त्यांना काही दिसत नव्हतं.

“प्लास्टिक फोटोत येत नाही,” ते म्हणाले. “वस्तू केवढी आहे ते कळलं पाहिजे. लहान असेल तर दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल. मोठी असेल तर दुर्बीण घालावी लागेल.”

“पन ते बटनच हाय कशावरून?” गोपिकाबाईंनी विचारलं आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, “बटनच असन म्हना. माही वडी तं तोंडात इरघळते.”

कृष्णकांतरावांनी मान वळवली. “बटन असन तं ठीक हाय. शेजारनीची चूक, वावटळीची चूक, मी समजू शकतो. पन ते जर वडी असन, अन् पाच शिट्ट्यांनंतर तशी असन,” ते एकेक शब्द मोजत म्हणाले, “तं त्या घरात मी पोरगी देत नाही. लेकरू उपाशी मरन.”

गोपिकाबाईंचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला.

“कीबोर्ड घेऊन या,” वैदेही म्हणाली. “सगळी बटणं मी गोळा केली आहेत. अर्धी डब्यातून, अर्धी रश्शातून. लावून बघू. जे कमी पडेल, ते बाबांनी खाल्लं.”

क्वालिटी विभागात ती उगाच नव्हती. तासाभरात अश्विन बेस्यातून कीबोर्डचा बोडका सांगाडा घेऊन आला. वैदेहीने स्टीलचा डबा उघडला. वड्यांच्या डब्यातली बटणं वेगळ्या पिशवीत होती, ती पांढरी होती. रश्शातली हळदीने पिवळीधमक झाली होती. आठ दिवस खपून घालवलेला पिवळेपणा प्रेमलताबाईंनी पाच शिट्ट्यांत परत आणला होता.

पलंगावरच कीबोर्ड ठेवून तो एकेक बटण बसवू लागला. टक्. टक्. सिस्टर बघायला आली. शेजारच्या पलंगावरचा हातात सलाईन लावलेला माणूस कोपरावर उठून बसला.

“तो के इकडं लावा ना, एलच्या बाजूले,” तो म्हणाला.

“मी इथं मरून राहिलो,” कृष्णकांतराव म्हणाले, “अन् हे टायपिंग करून राहिले.”

मोठ्या बटणांची सगळ्यांना धास्ती होती. एंटर सापडलं तेव्हा प्रेमलताबाईंनी हात जोडले. दोन्ही शिफ्ट सापडले. स्पेस बार सापडला. तो वीतभर लांब असल्यामुळे त्याची काळजी तशी कोणी करत नव्हतं, तरी डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळी अक्षरं बसली, आकडे बसले. शेवटी वरच्या ओळीत एकच भोक उरलं. एफ-अकरा.

अश्विनने डब्याच्या तळाशी हात घातला. घट्ट झालेल्या रश्शात बोटांना काहीतरी लागलं. चौकोनी, गुळगुळीत. त्याने अंगठा फिरवला.

एफ-अकरा.

म्हणजे एकशे एक. म्हणजे कृष्णकांतरावांनी कोणतंही बटण गिळलेलं नव्हतं.

त्याने आईकडे पाहिलं. ती डॉक्टरांना वड्यांची डाळ किती तास भिजवायची ते सांगत होती. त्याने वैदेहीकडे पाहिलं. मग त्याने मूठ मिटली, हात डब्याबाहेर काढला आणि थेट खिशात घातला.

“डब्यात काही नाही,” तो म्हणाला. “एफ-अकरा गेलं.”

“केवढं असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अंगठ्याच्या नखाएवढं.”

“मग चिंता नाही. केळी खा, पाणी प्या. तीन दिवसांत येईल. नाही आलं, तर मात्र दुर्बीण.”

“बघा!” गोपिकाबाई म्हणाल्या. “म्या म्हनलं नव्हतं?”

कृष्णकांतरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्यांना एक शंका आली. “त्या बटनाचं काम काय असते गा?”

“काही नाही, काका. ते कोणी वापरतच नाही.”

“म्हंजे म्या बिनकामाचं बटन खाल्लं?” ते दुखावले.

बाहेर व्हरांड्यात वैदेहीने अश्विनला गाठलं. त्याच्या पँटच्या खिशावर एक पिवळा, तेलकट चौकोन उमटला होता.

“काढ.”

अश्विनने काढलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

“म्हणजे ती वडी होती,” ती म्हणाली.

“हो.”

“पाच शिट्ट्यांनंतर.”

“हो.”

तिने हात पुढे केला. “हे तीन दिवसांनी बाबांना दिसलं पाहिजे. नाहीतर ते दुर्बीण घालून घेतील, आणि त्यात वडी दिसेल.”

“वैदेही, ते मूळ बटण आहे. रविवारी शंभर टक्क्यांचा शेरा...”

“अश्विन.”

त्याने बटण तिच्या हातावर ठेवलं. तीस वर्षं टायरांखाली टिकलेलं ते बटण तिने रुमालात गुंडाळलं आणि त्याचं पुढे काय करायचं ते तिने अश्विनला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. ‘आलं. बाबा खूश. आईने डेटॉलने धुतलं.’ थोड्या वेळाने दुसरा आला. ‘होकार आहे. म्हणतात, पोरगा शांत डोक्याचा आहे, दवाखान्यात हात नाही थरथरला.’

रविवारी बैठकीत संगणक सुरू झाला. पोलंडचा सभासद अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या पिवळ्या कीबोर्डकडे टक लावून बघत राहिला आणि शेवटी हे पिवळं कशाने केलं ते त्याने विचारलं. नोंदवहीत शेरा पडला, ‘एक भाग कमी’. त्यापुढचे रकाने अश्विनला स्वतः भरायचे होते. भाग: एफ-अकरा. सध्या कुठे: महाल, दिवाणखान्यातलं काचेचं कपाट. कारण: सासरे.

रुपराव मागे उभे राहून वाचत होते. स्वयंपाकघरात गोपिकाबाई महालात पाठवायला वड्यांचा नवा, दुप्पट मोठा डबा भरत होत्या. कृष्णकांतरावांनी तो स्वतः मागवला होता. आता त्यात काही धोका नव्हता.

“त्या दिवशी मीबी मोजून राहिलो होतो,” रुपराव हळूच म्हणाले. “तू शेवटी हात घातला तवा तुयं तोंड पायलं म्या. बटनं पुरी होती.”

अश्विनने बैठकीचा माइक बंद केला.

रुपरावांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि गालावरून हात फिरवला.

“माही दाढबी हलत नव्हती गा.”