उमाबाईसाहेबांनी डिंकाचे लाडू नदीपार नेले त्याचा करीना

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरी, आषाढमासी, कॅनडा मुलखातील विंडसर शहरच्या रहिवासी उमाबाईसाहेब यांनी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू अमेरिकेचे मुलखात पोहोचते केले. तो करीना मंडळींनी पदरचे तिखटमीठ लावोन बिघडविला, सबब यथास्थित लिहोन ठेविला, तो चित्त देऊन ऐकावा.

ते समयी नदीपल्याड, डेट्रॉईटनजीक, कन्या अस्मिता प्रसूत होऊन पुत्ररत्न जाहले होते, आणि तिणे फोनवरून विनविले की, "आई, लाडू वगैरे नको हं, बॉर्डरवर प्रॉब्लेम होतो. इथे ग्रोसरीत प्रोटीन बार मिळतात." हे अक्षर कानी पडताच बाईसाहेबांचे मस्तकी अंगार जाहला. नातवाची आई बारवर पोसली जाणार, आणि आपण एका पुलाचे अंतरावर बसोन पाहणार, हे त्यांस साहवेना. मग खारीक कुटिली, आणि खोबरे भाजिले, आणि डिंक तुपात फुलविला, आणि स्टीलचा थोरला डबा सिद्ध करोन, सारथ्य खासे यजमान रवींद्रपंत, मोटारकारखान्यातील निवृत्त इंजिनियर, यांजकडे सोपवोन कूच केले.

पुलापलीकडील चौकीवर ठाणेदाराने पुसिले, गाडीत अन्न आहे काय? रवींद्रपंत सत्यवचनी. बाळंतिणीचा लाडू हे औषध, अन्न नव्हे, हे त्यांस लहानपणापासोन ठाऊक. सबब निःशंक मनाने "नाही" म्हणोन गेले. मग डिकी उघडली, डबा सापडला, आणि पंतांचे तोंड उतरले.

"अगं, तूच म्हणतेस ना, औषध आहे म्हणून?"

"अहो, तुम्ही आता गप्प बसा," ऐसे फर्मान सुटले.

ठाणेदार म्हणे, औषध तर कोणा डॉक्टराचे? बाईसाहेब म्हणाल्या, माझे. त्यावर डबा जप्त करोन कचऱ्यात टाकावा, ऐसा हुकूम जाहला.

दैवयोगे त्याच प्रहरी काँग्रेस म्हणजे अमेरिकेचे कायदेमंडळ, त्याचे मातबर सभासद हार्लन व्हिटकॉम हे टीव्हीचा लवाजमा घेऊन चौकीची पाहणी करीत होते आणि गर्जत होते की, सरहद्द ऐसी बंद करावी की मुंगी शिरू नये. परंतु, ऐसेही बजावीत होते की, आत काय यावे आणि काय न यावे हे ठरविणे लोकांनी निवडिलेल्या काँग्रेसचे काम, चौकीवरल्या अंमलदाराने मनचे कायदे करू नयेत. हे बोल बाईसाहेबांनी वरचेवर झेलिले, आणि पदर खोचोन, मेजावरील डबा उचलोन, थेट कॅमेऱ्यापुढे जाऊन सवाल टाकिला की, काँग्रेसने डिंकाचे लाडवाविरुद्ध कायदा कधी केला, तेवढे सांगावे.

व्हिटकॉमसाहेब पेचात पडले. लाडू अडवावा तर अंमलदाराचा मनचा कायदा खरा होतो. सोडावा तर मुंगी राहिली बाजूस, सबंध डबा शिरतो. आणि कॅमेरा तर चालूच. अखेर म्हणाले, मी एकटा म्हणजे काँग्रेस नव्हे, विषय समितीपुढे नेऊ.

"न्या की. तोवर मी इथेच बसते," ऐसे बोलोन बाईसाहेबांनी चौकीचे दारी ठाण मांडिले, आणि मागे ट्रकांचे भोंगे सुरू जाहले, आणि झाकण उघडताच तुपाजायफळाचा दरवळ चौकीभर पसरला. मग साहेबांनी पाहणी म्हणोन एक लाडू सबंध मुखी घातला. लाडू पक्क्या पाकाचा. भाषण जागीच खुंटले. काँग्रेसचे तोंड बंद पाहोन, दोहींकडून गांजलेल्या ठाणेदाराने संधी साधिली, आणि ओरडला, "लेडी, माझ्या अधिकारात सोडतो, पण आता जा!"

सांजेस अस्मिता बाळ मांडीवर घेऊन आईशेजारी टीव्हीपुढे बसली असता व्हिटकॉमसाहेब पडद्यावर प्रकटले आणि सांगते जाहले की, आज आपले नजरेसमोर पुलावरून गैर असे काही एक आत आले नाही. टायवरील तुपाचा डाग लख्ख दिसत होता.

"कोण गं हा?"

"तुझा एक लाडू खाल्ला मेल्याने."

"एकच ना? मग डबा इकडे सरकव," ऐसे म्हणोन कन्येने दुसरा उचलिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील एक टाय कामी आला, आपलेकडील एक लाडू. बाकी मुलूख सलामत. रवींद्रपंतांस परतीचे वाटेवर बोलण्याची परवानगी बहाल जाहली. हे कायम जाणिजे.