बंद घरातल्या वहिनी

भिंगारच्या आमच्या गल्लीत एक घर बरीच वर्षं कुलूपबंद होतं, आणि तरी त्याच्या अंगणातल्या दोरीवर रोज सकाळी ओले कपडे दिसायचे. कपडे शेजारच्या नानांचे. स्वतःच्या अंगणात लख्ख ऊन असताना नाना आपली बनियनं आणि पायजमे पलीकडे नेऊन वाळत घालत. त्या बंद दारापुढे त्यांनी चपलांचे जोडही मांडले होते, एक बायकी, एक पोराचा. मधूनमधून ते जागेवरून हलवत.

"चपला हलल्या पायजेत, बाई," मी शाळेत शिकवायला निघाले की ते मला समजावत. "न्हाईतर लोकांना संशय येतो."

नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान बसमध्येच तयार झालेलं. "रिकामी शीट दिसली की मानूस रुमाल टाकतो, आन् रिकामं घर दिसलं की कचरा," असं ते म्हणत. ते खरंच होतं. मालक पुण्याला गेले तशी गल्लीने त्या अंगणात गाद्या, करवंट्या, मखरांचा थर्माकोल आणि एक फुटका कमोडसुद्धा आणून टाकला. मग डुकरं आली. नानांनी कचेरीत तक्रार दिली, कोणी आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच सगळं उपसलं, तर आठवडाभरात पुन्हा ढीग. तेव्हापासून त्यांनी त्या घरात माणसं राहायला आणली. म्हणजे चपला, कपडे, आणि दारात तुळस.

युक्ती इतकी लागू पडली की निवडणुकीतले उमेदवार त्या दारापुढे हात जोडून गेले. संक्रांतीला गल्लीतली एक नवी सून तिथे वाण ठेवून आली. त्या नसलेल्या वहिनींच्या वतीने तिळगूळ नानांनी खाल्ला.

आणि मग एके दिवशी नानांचीच ती जुनी तक्रार हातात घेऊन कचेरीतले एक साहेब उगवले. "बेवारस घर हेच ना? पाहणी करायचीय. धोकादायक असेल तर पाडावं लागेल."

नानांचा चेहरा उतरला. "बेवारस कसलं, साहेब? वहिनी हायेत की आत. झोपल्या असतील. थांबा, मागनं हाक मारून येतो."

ते मागच्या बाजूला गेले. तिथल्या खिडकीचे गज कधीच गळून पडले होते. थोड्या वेळाने बंद दाराआडून एक चिरका आवाज आला. "कोन हाय? यजमान भाईर गेल्यात."

मी तोंडात पदर कोंबला.

"ताई, जरा दार उघडा," साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची नजर कडीवरच्या कुलपाकडे गेली. ते एकदम गंभीर झाले. मला हळूच म्हणाले, "यांना बाहेरून कुलूप घातलंय?" हसू दाबताना माझे खांदे हलत होते. त्यांना वाटलं मी रडतेय. "घाबरू नका तुम्ही," ते म्हणाले आणि दाराला तोंड लावून विचारू लागले, "ताई, कधीपासून कोंडलंय तुम्हाला?"

आत जरा विचार झाला. "लई दिस झाले."

"कोणी कोंडलं?"

"यजमानांनी."

साहेबांनी पोलिसांना फोन लावला. दोन हवालदार आले, अर्धी गल्ली जमली, कुलूप तुटलं. आत डोक्यावरून जुना पडदा घेतलेले नाना उभे होते, मिशांना जळमटं लागलेली. दारात गर्दी दिसताच सवयीने म्हणाले, "आधी उतरू द्या."

सगळ्यांत आधी साहेब हसले. हवालदारांनी मात्र यजमानांचा पत्ता लावला. घरात बाई कोंडल्याचं ऐकून मालक पुण्याहून त्याच संध्याकाळी धापा टाकत हजर झाले. बायकोला सोबत घेऊन आले होते, पुरावा म्हणून. झाडलेलं अंगण आणि तुळस बघून ते तिथेच पायरीवर बसले. महिन्याभरात त्यांनी घर दुरुस्त करून एका नर्सबाईंना भाड्याने दिलं.

त्यानंतर एकदा मी नानांच्या ओट्यावर बसले होते. म्हटलं, "ते मालक तुमच्या नात्याचे ना गोत्याचे. एवढी उठाठेव कशाला केलीत?"

नाना आधी हसले. मग म्हणाले, "आमचा सुनील तिकडं कॅनडात. घर बी घेतलंय त्यानं. तो काय आता हिकडं येत न्हाई. सुखात हाय, राहू द्या. पर मी गेलो की ह्या दाराला बी कुलूपच लागनार. म्हटलं, गल्लीला आधीपासून सवय असावी बंद घर जपायची."

नानांनी मागे वळून अंधाऱ्या माजघराकडे पाहिलं.

"माजघरातच त्याची आई गेली, बाई. तिथं कुनी घान टाकलेली तिला न्हाई आवडायची. लई टापटीप हुती ती."