दाराचं सोंग

माझे सासरे दार व्हायचे. घरात भांडण झालं की संध्याकाळी अंगणात त्याचं नाटक करायचं, असा त्यांचा नियम. ज्यांचं भांडण, त्यांनी एकमेकांची सोंगं घ्यायची. सासरे मधोमध हात पसरून उभे राहायचे. कोणी आत आलं की तोंडानं 'कर्रर्र' करून एक हात बाजूला.

तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, ते राजाचं सोंग घ्यायचे. घरात मात्र कायम दार. कोणी का विचारलं तर म्हणायचे, "दारच बरं. दार कोणाच्या बाजूनं नसते." शेजारीण भिंतीवरून डोकावून हसायची, "आज कोणतं नाटक हाय जी?" सासरे तिलाही बोलावून म्हशीचं सोंग द्यायचे.

एकदा चहात साखर जास्त पडली म्हणून सासूबाई मला खूप बोलल्या. संध्याकाळी मी झाले सासूबाई. त्या झाल्या मी. डोक्यावर पदर घेऊन चुलीशी गप्प बसल्या. थोड्याच वेळात पदर फेकून म्हणाल्या, "अव माय, हे पोरगी दिवसभर अशी राहते? मले तर गुदमरून राहिलं!" दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याजवळ बसून चहा पिऊ लागल्या.

मग एकदा संत्र्याच्या बागेला बहर आला होता. अंगणभर वास, सगळे झोपेत असल्यासारखे. भांडण कोणाचंच नव्हतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आज आपल्या कुसुमचं करा."

कुसुम माझी नणंद. आपल्या मनानं लग्न करून सौंसरला राहिली. त्यानंतर एकदा भेटायला आली, तर सासऱ्यांनी दार उघडलं नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं.

वाटलं, सासरे आता उठून जातील. ते उठले आणि नेहमीच्या जागी हात पसरून उभे राहिले.

"जा व," सासूबाईंनी मला पुढं ढकललं.

सासऱ्यांशी मी कधी समोरून बोलले नव्हते. त्या वासात आपण आपण नाहीच, असं काहीतरी झालं. मी म्हणाले, "बाबा, दार उघडा न."

दार हललं नाही. पसरलेले हात खाली येईनात.

"उघडा न, बाबा."

"मी आतून कडी धरून उभा होतो," दार म्हणालं. "ते पोरगी जायपर्यंत."

सकाळी सासरे धुतलेलं धोतर नेसून, कुसुमला आवडणाऱ्या बोरांची पिशवी घेऊन सौंसरच्या मोटारीसाठी निघाले. उंबरा ओलांडला आणि मागं वळून मला म्हणाले,

"बाई, तिथं माह्या तोंडून काही निघणार नाही. एकदा करून पाहू. तू दार हो."

मी दारात हात पसरले. ते बाहेर उभे, पिशवी या हातातून त्या हातात घेत. त्यांना एक शब्द फुटेना. मला शब्द सुचत होते, पण दार कसं बोलणार?

शेवटी त्यांनी चौकटीवर एका बोटानं टकटक केलं. इतकं हळू, की घरातलं कोणी जागं होऊ नये.

मी मोठ्यानं 'कर्रर्र' केलं.