उंदरांच्या आधी

डोळ्यात सुई टोचणार हे कळल्यापासून रवींद्र घागरे एका जागी बसत नव्हते. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याचे सौदे पटवताना त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. पण शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, सौसरला इंजेक्शन घ्यायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते जेवणही येरझारा घालत उरकू लागले.

"बसा न जरा. मलेच चक्कर येऊन राहिली," त्यांची बायको सुमन म्हणाली.

तेवढ्यात मेहुणा अंकुश मोबाइल घेऊन आला. "भाऊजी, हे पाहा. शुगरवाल्यायच्या डोळ्यासाठी कॅनाबिडिऑलवर संशोधन चालू हाय. भांगेच्या जातीच्या झाडातून काढतेत म्हने."

'भांग' या शब्दापुढचं रवींद्ररावांनी ऐकलंच नाही. भांगेचं दुकान बाजारातच होतं. इंजेक्शनच्या दिवशी "पान खाऊन येतो" म्हणून ते सटकले आणि भांगेची गोळी गिळूनच सुमनसोबत बसमध्ये चढले.

सौसर येईपर्यंत बस उलटी चालली आहे असं त्यांना वाटत होतं. शिवाय जन्मात कधी पोटभर जेवलो नाही, अशी भूक लागली होती. सुमन दवाखान्यात नंबर लावायला गेली, तोवर त्यांनी समोरच्या हॉटेलात जिलबी खाल्ली. मग जिलबीला सोबत म्हणून रबडी.

नर्सने बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा टोचलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

"काय खाल्लं तुम्ही?"

"औषध," रवींद्रराव हसत म्हणाले. "कॅनाबिडिऑल. अन् थोडी जिलबी."

अंकुशचं वाचन सुमनने सांगितलं, भांगेची गोळी रवींद्ररावांनी स्वतःच कबूल केली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, भांग वेगळी, ते द्रव्य वेगळं. त्यानं नशा होत नाही. आणि त्याचे प्रयोग अजून उंदरांवर चालू आहेत."

"मंग यायनं उंदरायच्या आधी नंबर कसा लावला?" सुमनने शांतपणे विचारलं.

"शुगर एवढी असताना आज इंजेक्शन नाही," डॉक्टर म्हणाले.

रवींद्ररावांनी लगबगीनं चपला शोधल्या. "मंग निघतो."

"कुठं? भरती व्हा."

तेव्हापासून बोटात सुई, पोटात सुई, मनगटात सलाइनची सुई. झोप लागते न लागते तोच नर्स हजर. अखेर शुगर उतरली. डोळा थेंबांनी बधिर केला. रवींद्ररावांनी श्वास रोखून धरला.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं?"

"इंजेक्शन."

रवींद्रराव हळूच म्हणाले, "दुसऱ्या डोळ्यालेही काही असन तं पाहून घ्या. आलोच हाव तं."