शंभूची नखं आणि सहा चकत्यांचं मशिन

तसं बघितलं तर मी एवढंच ठरवलं होतं, की शंभूची नखं यापुढं मी कापणार. शंभू म्हणजे माझा मुलगा, साडेतीन महिन्यांचा. साडेतीन महिन्यांच्या बाळाची नखं कापणं ही काही गाव गोळा करून करायची गोष्ट नाही. पण आमच्याकडं झालं तसंच.

आधीचं थोडं सांगायला पाहिजे. शंभू सव्वा महिन्याचा असताना मी एकदा नेलकटर घेऊन बसले होते. त्याचं नख तांदळाच्या कणीएवढं. मी एक डोळा मिटला आणि कापलं (दोन्ही मिटले होते, पण घरात एकच सांगितलाय). थेंबभर रक्त आलं. शंभू रडला, आणि मी त्याच्यापेक्षा मोठ्यांदा रडले. माझ्या सासूबाई, रत्नाबाई, यांना मी आत्या म्हणते, त्या चूल टाकून पळत आल्या. आधी नातू उचलला, मग मला गप्प केलं, मग नेलकटर देवाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

"आजपस्नं नखाचं काम माजं," त्या म्हणाल्या. "तू आपली दूध पाज."

आत्यांची पद्धत जुनी. बाळाचं बोट तोंडात धरायचं, दातानं नख हळूच तोडायचं, कागदावर ठेवायचं, मोजायचं, आणि दहा भरली की पुडी बांधून उंबऱ्याबाहेर टाकायची. घरात नख सांडलं की भांडणं होतात म्हणे. पद्धत चांगली असेल, पण आत्या दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. शंभूची गुलाबी बोटं त्या काळ्या दातांत गेली की मी दुसरीकडं बघायचे.

"आत्या, तोंडात जंतू असतात," मी एकदा धीर करून म्हटलं.

"तुज्या नवऱ्याची नखं मी अशीच काढली. त्याला काय झालं?"

(यावर मला बरंच बोलता आलं असतं. पण मी सून आहे.)

आमच्या घरामागं आधी भाताची खाचरं होती, आता भाड्याच्या बारा खोल्या आहेत. त्यातल्या एकीत प्राजक्ता राहते. हिंजवडीला कंपनीत आहे आणि नखांची फार हौशी. तिच्याकडं नखं वाळवायचा दिवासुद्धा आहे. रंग लावून हात आत घातला की निळा उजेड पडतो आणि रंग दगडासारखा घट्ट होतो. मी तिला विचारलं, "या दिव्यात मिरच्या वाळतील का?" ती हसत बसली. मी खरंच विचारलं होतं.

तर तिनंच मोबाईलवर दाखवलं, की बाळांची नखं काढायचं बॅटरीवरचं मशिन मिळतं. "वहिनी, याने कातडी कापतच नाही." झालं. तिसऱ्या दिवशी डबा घरी.

साबणाच्या वडीएवढं पांढरं मशिन. पुढं गोल चकती फिरते, बारीक दिवा लागतो, आणि माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो. सोबत सहा चकत्या. दोन करड्या आणि खरखरीत, त्या मोठ्या माणसांच्या. चार गुलाबी-निळ्या आणि गालासारख्या मऊ, त्या बाळांच्या.

मला एकच कळेना. नख कुठं संपलं आणि कातडी कुठं सुरू झाली, हे त्या मशिनला कसं कळतं? प्राजक्ता म्हणाली, "ते कापत नाही वहिनी, घासतं. नख कडक असतं ना, म्हणून झिजतं." ऐकायला बरोबर होतं, पण माझं पोर, मी कशी विश्वास ठेवू? मी गुलाबी चकती लावून आधी द्राक्षावर फिरवली. द्राक्ष शाबूत. टोमॅटोवर फिरवली. काही नाही. बारशाचा एक फुगा उरला होता, तो फुगवला आणि मी दार लावून, तोंड फिरवून, त्याच्यावर फिरवली. फुटला नाही! मग माझ्या ओठावर फिरवली. गुदगुल्या झाल्या, एवढंच. लसणाच्या सालीचा मात्र भुगा झाला. तासाभरानं आत्या आत आल्या, तर भाजीला एक टोमॅटो धड नाही (काही मी करड्या चकतीनंसुद्धा बघितले होते).

"ह्ये काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. आत्यांनी मशिन हातात घेतलं, कानाला लावलं, वास घेतला.

"बरं. आदी म्हाताऱ्यावर चालवून दाव. त्याच्या आंगट्याचं नख निघालं आन् रगत न्हाई आलं, तर नातवाला लाव. मी आड येनार न्हाई."

म्हातारा म्हणजे माझे सासरे, गेणबा. मी त्यांना मामा म्हणते. मामांनी चाळीस वर्षं चिखलात भात लावला, त्यामुळं त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख म्हणजे बैलाचं शिंगच. त्याच्यावर नेलकटर मोडलेत. शेवटी ते पटाशी आणि हातोडी घेऊन बसायचे, आणि तेवढा वेळ आत्या शेजाऱ्यांकडं जाऊन बसायच्या.

रविवारी सकाळी अंगणात मामा खुर्चीवर बसले, पाय पाटावर. मी करडी चकती लावली. बातमी कशी फुटली माहीत नाही, पण शेजारच्या साळूबाई सूप घेऊनच आल्या. तांदूळ निवडता निवडता बघायला.

मशिन सुरू झालं आणि मामा ओरडले, "आगं आगं आगं!"

"दुखतंय का मामा?" मी मशिन बंद करायला गेले.

"न्हाई गं, गुदगुल्या व्हत्यात! चालू ठिव!"

पांढरा भुगा उडायला लागला. दळणाची गिरणीच. साळूबाईंनी सूप बाजूला ओढलं. "माझ्या तांदळात मामाचं नख नको बया."

अर्ध्या तासानं बॅटरी संपली. चार्जिंगला लावलं, जेवणं झाली, मग दुसरी पाळी. दुपारी तीनच्या सुमाराला अंगठ्याचं नख पातळ, गोल आणि गुळगुळीत झालं होतं. रक्ताचा टिपूस नाही. मामा पाय उन्हात धरून बघत राहिले. "आयला, ह्ये माझंच हाय का?" म्हणाले. चपला न घालता चहाच्या हॉटेलापर्यंत जाऊन आले, आणि संध्याकाळी त्यांचे दोस्त कैलासआण्णा दोन्ही पाय स्वच्छ धुऊन आमच्या दारात हजर.

आत्या एका शब्दाच्या पक्क्या. "जिकलीस," म्हणाल्या. "लाव पोराला."

पण कधी लावणार? सोमवारी अमावस्या. मंगळवारी नखं काढत नाहीत. गुरुवार शंभूचा जन्मवार, शुक्रवार देवीचा, शनिवार तर नाहीच, आणि दिवेलागणीनंतर कुठल्याच वारी नाही. एकटा बुधवार मोकळा दिसत होता.

बुधवारी सकाळी मला वेगळीच काळजी लागली. हे मशिन मामांच्या पायाला लागलंय. चकत्या वेगळ्या होत्या, पण एकाच डब्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या! आणि सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी सांगितलंय, बाळाच्या तोंडात-हातात जाईल ते दहा मिनिटं उकळायचं. शंभूचे हात तर चोवीस तास तोंडात. मी बाळांच्या चारही चकत्या पातेल्यात टाकल्या आणि उकळल्या. दहा नाही, वीस मिनिटं.

उघडून बघते, तर चकत्यांवरचे रंगीत गोल कागद सुटून पाण्यावर तरंगताहेत. मला बरंच वाटलं. नवीन स्टीलचं भांडं आणलं, की आम्ही ते गॅसवर जरा तापवतो, म्हणजे कंपनीचा स्टिकर अलगद निघतो. तसाच हाही स्टिकर असणार. एक अर्धवट चिकटला होता, तो मी सुरीच्या टोकानं खरवडून काढला आणि चकत्या फडक्यावर वाळत घातल्या.

शंभू दूध पिऊन झोपला होता. मी देवाचं नाव घेतलं आणि मशिन सुरू केलं. करंगळी, मधलं बोट, अंगठा. पोरगं हललंसुद्धा नाही. दहाही बोटं झाली. ना लाल, ना ओरखडा. मला तर वाटलं, आता मी दुसऱ्यांच्या बाळांचीसुद्धा काढून देऊ शकते.

आत्या कागद घेऊन उभ्याच होत्या. "आन हिकडं नखं."

"नखं नसतात आत्या. त्याची पावडर होते."

"पावडर कुटंय?"

"उडून जाते. दिसत नाही."

आत्यांनी कागद खाली केला. "म्हंजी माज्या नातवाची नखं घरभर उडाली?" आणि केरसुणी घेऊन त्यांनी माजघर, पडवी, अंगण, सगळं दोनदा झाडलं. पण जाता-येता साळूबाईंना सांगत होत्या, "आमच्या वैष्णवीनं काढली बरं का. पोरगं उठलंबी न्हाई." साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच माझं नाव असं घेतलं होतं त्यांनी. त्या दिवशी मी भाकरीला जास्त तूप लावलं (मलाच).

गुरुवारी सकाळी शंभूच्या गालावर ओरखडा.

नखं तर काढलीत, मग हा आला कुठून? मी डास शोधले. पाळण्याची दोरी बदलली. झबल्याची बटणं तोडली. शुक्रवारी कपाळावर दुसरा. मी मांजरावर पाळत ठेवली. आमचे हे कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, ते कामाला निघता निघता म्हणाले, "पोराचीच नखं बघ की एकदा." मी म्हटलं, "मशिननं काढलीत!" आणि बघितली नाहीत.

शनिवारी ओरखडा थेट डोळ्याच्या कडेला आला. अजून एवढुसा वर असता तर डोळ्यातच. मग मला आत्यांच्या बांगड्या दिसल्या. हिरवा चुडा, पुढं-मागं पाटल्या, आणि रोज अंघोळ त्याच घालतात.

"आत्या," मी म्हटलं, "मला वाटतं तुमच्या बांगड्या लागतात त्याला."

आत्या आत गेल्या, जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवर गुंडाळून आल्या. तशाच हातांनी भाकरी थापल्या.

मामा बघून म्हणाले, "आगं, दोनी हात मोडलं का काय?"

"नातवाला टोचत्यात," एवढंच म्हणाल्या. मिश्रीचा डबासुद्धा उघडला नाही दिवसभर. याच्यापेक्षा भांडण बरं.

रविवारी प्राजक्ता बाळ बघायला आली. "कसं चाललंय मशिन?" म्हणून तिनं डबा उघडला, एक चकती हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"वहिनी, यावरचा पेपर कुठंय?"

"स्टिकर ना? ते मी उकळून काढले."

"चारही?"

"एक निघत नव्हता. तो खरवडला."

प्राजक्ता खाली बसली. "अहो, तो स्टिकर नव्हता. तोच पेपर नख घासतो. आता राहिलाय नुसता स्पंज."

मी शंभूची मूठ उघडली. दहाच्या दहा नखं होती, आणि चांगली वाढलेली. बुधवारी मी पंधरा मिनिटं माझ्या लेकाच्या बोटांना नुसती मालिश केली होती. आणि त्याच्यावर आत्यांच्या बांगड्या बांधायला लावल्या.

प्राजक्ता गेल्यावर मी आत्यांपुढं जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पातेलं, स्टिकर, स्पंज, सगळं. मला वाटलं, आता नेलकटरच्या शेजारी मलाही फळीवर ठेवतील.

आत्यांनी एकेक पट्टी सोडली. बांगड्या वाजवून बघितल्या. मग म्हणाल्या, "बस हितं. पोराला मांडीवर घे."

"तुम्ही काढा आत्या. मी काही म्हणणार नाही."

"माजं तोंड तुला चालत न्हाई. तुजं तर चालंल? मिश्री न्हाई, काय न्हाई. चूळ भर आन् ये."

मी चूळ भरली (तीनदा). शंभूचं बोट ओठात धरलं. डोळे मिटले नाहीत. जिभेला नखाची कड लागली, कातडी कुठं सुरू होते तेही कळलं. काहीही न विचारता कळलं. कट. कागदावर ठेवलं. दुसरं. तिसरं. मामा दारात येऊन थांबले. शंभू माझ्याकडं बघत होता आणि गालात हसत होता. पाच मिनिटांत दहा नखं, अगदी गोल, जणू साच्यातून काढलेली.

आत्यांनी मोजली. परत मोजली. एकेक बोट उजेडात धरून बघितलं.

"टिपूस न्हाई रगताचा. पैल्याच खेपंला एवढी सफाई? मला दोन पोरं झाल्यावर जमलं ह्ये."

मी नुसती हसले. आत्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी शंभूचा हात सोडला आणि माझा धरला. मी ओढून ओढणीखाली घ्यायला गेले, पण भात लावलेल्या बाईची पकड ती. पाची बोटं उघडली, मग दुसरा हात घेतला. दहाही नखं मुळापर्यंत कुरतडलेली, करंगळीचं तर शोधूनही सापडलं नसतं. काळजी लागली की माझं बोट तोंडात कधी जातं, मला कळतच नाही. आणि पोर झाल्यापासून काळजी कधी नसते?

आत्यांनी मामांकडं बघितलं.

"अवो, त्या प्राजक्ताला सांगा, त्यो मशिनचा डबा न्हिऊन टाक म्हनावं. आपल्यात आदीच मशिन हाय. चार्जिंगबी लागत न्हाई, निस्तं काळजीवर चालतंय."