एका भांड्यातला भात

आमच्या शेजारणीकडे चहा प्यायचा असेल तर आधी रक्त द्यावं लागतं! थट्टा नाही. तुम्ही ओट्यावर टेकलात की सुंदरावहिनी साखर तपासायचं यंत्र घेऊन हजर. "भावजी, बोट!" टोच बसते, थेंब पट्टीवर जातो, आणि आकडा बघून ठरतं: गोड चहा, फिका चहा की नुसतं पाणी. सुई मात्र दर माणसाला नवी, त्यात वहिनी पक्क्या. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, भल्याभल्यांची खोड मोडली. पण या बाईपुढे माझी डाळ शिजत नाही. मी देवाशपथ म्हणतो, पेढा खाल्ला नाही. त्या आकडा माझ्या नाकासमोर धरतात. "रगात खोटं बोलत न्हाई, भावजी!"

हे वेड लागलं नामदेवदादा गेल्यावर. दादा म्हणजे वहिनींचे मालक, माझे लहानपणापासूनचे दोस्त. साखरेनं आधी त्यांचा पाय नेला, मग माणूसच नेला. दहाव्याला दादांची म्हातारी आई सगळ्या भावकीदेखत म्हणाली, "हिनंच खायाला घालघालून मारला माज्या ल्येकाला." तेव्हापासून म्हातारी हे रोज ऐकवते, आणि वहिनी रोज तिला भात कालवून भरवतात. माझं तर डोकंच फिरतं.

अशात पुण्याहून संशोधनवाल्यांची जीप आमच्या कोळवण गावात यायला लागली. एकाच चुलीवरचं खाऊन घरातल्या एकाला मधुमेह होतो, दुसऱ्याला का होत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "आवो, ह्योच तर माजा सवाल हाय! एका भांड्यातला भात आमी दोगांनी खाल्ला. त्यास्नी साखर, मला न्हाई. का?" शाळेच्या व्हरांड्यात रक्त द्यायला पहिला दंड त्यांचाच. दादांचा, सासूचा, अख्ख्या घराचा इतिहास त्यांनी जीपमधून आलेल्या डॉक्टरीणबाईंना घडाघडा सांगितला.

तेवढ्यावर भागेना, म्हणून त्यांनी स्वतःची शाखा काढली. यंत्र विकत आणलं. विधवेनं जायचं नसतं, तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवात शिरून बायकांना तिळगुळाआधी टोच, आणि वाण म्हणून कापसाचा बोळा! बायका अजून हसतात.

पण कहर झाला तो सप्त्याच्या भंडाऱ्याला. पंगत उठली आणि वहिनी मांडवाच्या दारात यंत्र घेऊन उभ्या. ज्याला टोचावं त्याची साखर आभाळाला! सरपंच मटकन खाली बसले. तालमीतला एक गडी "माज्या पोरांचं कसं हुईल" म्हणून रडायला लागला. गावाबाहेरच्या फार्महाऊसवाल्या साहेबांनी तर पुण्याला न्यायला गाडी बोलावली. शेवटी मीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "बुंदी हातानं खाल्ली असेल. टोचण्याआधी हात धुतले होते का?"

कुणाचे धुतलेले? सगळे धोतराला पुसून आलेले, बोटाला पाक तसाच! गाव हसून लोळलं. वहिनी मात्र तसूभर हलल्या नाहीत. "रगात खरंच बोललं. बोट खोटं बोललं."

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि साक्षीदार म्हणून मला ओढत नेलं. "मावशी," बाई म्हणाल्या, "एका माणसाचं छातीठोक सांगता येत नाही, कारणं पुष्कळ असतात. पण तुमच्या भातानं ते गेले, हे मनातून काढून टाका. तुम्हीच सांगितलंत ना, ते पोटात असताना त्यांच्या आईला धड खायला नव्हतं? पोटातच उपासमार झालेल्या बाळाला पुढे साखरेचा धोका जास्त असतो. कदाचित सुरुवात तिथूनच झाली असेल."

वहिनी घराकडे अशा सुटल्या की माझी चप्पल मागे राहिली! मीही खूश. म्हटलं, आता जिरते म्हातारीची! इतक्या वर्षांचं सगळं आज वसूल.

म्हातारी पडवीत बाजेवर होती. "काय म्हनली तुजी डाक्तरीण?"

"सांगा वहिनी, सांगा!" मी म्हणालो.

वहिनींनी तोंड उघडलं. पण म्हातारीनं त्यांना बोलूच दिलं नाही. ती आपणहूनच बोलली, अगदी हळू. "त्यो पोटात व्हता तवा म्या अर्ध्या पोटी भाताची लावणी केली गं. त्येचं तर न्हाई ना काय झालं?"

मी गार झालो. एवढी वर्षं सुनेला बोल लावत होती, आणि हे भय तिच्या मनात होतं!

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग त्या म्हातारीशेजारी टेकल्या. "न्हाई वो आत्याबाई. तुमचं काय बी न्हाई त्यात, आन माजं बी न्हाई. डाक्तरीण म्हनली."

"खरं?"

"रगात खोटं बोलत न्हाई."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. वहिनींनी भात कालवला आणि तिला पहिला घास दिला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली!

मग वहिनींनी चहा टाकला. चांगला गोड. बोट मागितलंच नाही.