मेणाखालची बारावी बाटली

सातव्या चांद्रमासातली पौर्णिमा, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. थाइनान शहरातल्या एका गल्लीत खो चिंगहुईच्या दारापुढे नैवेद्याचं टेबल मांडलेलं होतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

नैवेद्य वाली नसलेल्या मृतांचा. या महिन्यात त्यांना भूत म्हणत नाहीत, 'भले भाऊ' म्हणतात. (भूत म्हटलं की राग येतो. कुणालाही येईल.) भाऊ जेवले की उरलेलं शेजारीपाजारी संपवतात, आणि चिंगहुईची सगळी भिस्त या शेजाऱ्यांवरच होती. बायकोनं, पेइरोंगनं, बजावलं होतं, "आज एकानं जरी दुसरा ग्लास मागितला, तर खुशाल बिअर करत बसा. नाहीतर उद्या तुमचं पिंप भंगारात!" त्यानं घरी केलेल्या बिअरच्या आधीच्या तिन्ही खेपांना पाहुण्यांनी पहिलाच ग्लास कुंडीत ओतला होता.

म्हणून चौथ्या खेपेच्या बारा बाटल्या त्यानं नैवेद्यातच ठेवल्या, भर उन्हात. बाटल्या सोया सॉसच्या. बिअर भरायची नळी मासे पाळायच्या टाकीची (नवीकोरी, असं तो शपथेवर सांगतो). बुचं लाटण्यानं ठोकलेली, वर लाल मेणबत्तीचं मेण. साखर अंदाजानं. अंदाज हे एकच उपकरण त्याच्याकडे भरपूर होतं.

सासूबाईंनी प्रत्येक पदार्थावर उदबत्ती लावली, बाटल्यांच्या मेणावरही. थोड्या वेळानं टेबलावरून कण्हणं ऐकू येऊ लागलं.

"कोण रडतंय?"

"गॅस आहे, आई."

"मेल्यावर कसला गॅस, जावईबापू?"

"बिअरमधला!"

अकरा बाटल्या कण्हत होत्या. बारावी गप्प होती, आणि तिच्यावरचा धूर वर न जाता खाली वाकून तिच्याभोवती फिरत होता. चिंगहुईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग सासूबाईंनी कौल लावला. लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार.

"भाऊ, जेवण झालं?"

नाही. सात वेळा नाही. गल्लीतली बाकीची टेबलं आवरून झाली.

"भात हवा? फळं?"

नाही.

"बिअर आवडली असेल," चिंगहुई आशेनं म्हणाला. "विचारा, आणखी हवीय का?"

नाही.

"मग उचलून नेऊ का ती?"

तुकडे खट्कन पडले. होकार. खात्रीसाठी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा होकार.

"वर्षभराचे उपाशी ते," पेइरोंग म्हणाली, "आणि त्यांनीसुद्धा नाकारली!"

खाली मान घालून चिंगहुई बाटल्या उचलू लागला. बारावी हाताला हलकी लागली. त्यानं ती उन्हासमोर धरली. आत थेंब नव्हता. तळसुद्धा कोरडा.

पेइरोंगनं ती उलटी केली, हलवली. तिचा आवाज एकदम खाली आला. "भरली होतीत ना?"

"भरलेल्या बारा तूच तर मोजल्यास." तो कुजबुजला, "एका बाटलीत दोन ग्लास मावतात. म्हणजे भाऊ दुसरा ग्लासही प्यायला!"

"प्यायला. आणि मग म्हणाला, उचला."

दुसऱ्या दिवशी पिंप भंगारात गेलं. अकरा बाटल्या मागच्या अंगणात गॅसनं एकेक करून फुटल्या. बारावीच्या काचेला तडा नाही, बूच जागच्या जागी आहे, मेण शाबूत आहे. ती कुणी रिकामी केली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.